अक्का, मला आठवत होतं

अक्का, परवा ऑफिसात तुमची शोकसभा झाली. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. दुसऱ्या मिनिटाला कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि तो बंद करताना त्याच्या हातातून पडला. नवे साहेब तुम्हाला कधी भेटलेले नाहीत, पण कुणीतरी लिहून दिलेलं त्यांनी वाचलं. ज्येष्ठ रसायनतज्ज्ञ, कामात चोख, शिस्तप्रिय. शिस्तप्रिय! ज्या बाईवर याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर शिस्तभंगाची चौकशी चालली, तिच्याबद्दल हा शब्द. मी मान खाली घातली. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, "अक्कांनी मला काम शिकवलं," एवढं म्हटलं आणि बसले. लोकांना वाटलं, दुःखामुळे बोलता आलं नाही. दुःख होतंच. पण त्यामुळे नाही, अक्का. लाजेमुळे.

म्हणून आता तुमच्याशीच बोलते.

अकोल्याहून मी चेन्नईला आले ते यांची बदली चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात झाली म्हणून. पाठोपाठ मलाही गिंडी भागातल्या आपल्या केंद्र सरकारी प्रयोगशाळेत जागा मिळाली. पाण्याचे नमुने तपासायचं काम. तमिळ एक अक्षर येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी व्हरांड्यातल्या फोनवरून आईशी बोलत होते, तेव्हा मागून आवाज आला, "तूं मराठी की? कोठली?" वळून बघते तर कांजीवरमची सुती साडी, कपाळावर गोल कुंकू, नाकात दोन्ही बाजूंना चमकी. मी तुम्हाला तमिळच समजत होते. तंजावरच्या मराठी घरातल्या, हे मला काय माहीत? मला तुमचं बोलणं ऐकून हसू आलं. तुम्हाला ते आवडलं नाही. "हसूं नोको," म्हणालात. "आमची मराठी आहे तशी राहिली. तुमचीच बदलली." आणि लगेच विचारलंत, "जेवलीस की?"

दहीभात आणि तळलेली ताकातली मिरची. तुमच्या डब्यातला अर्धा भाग त्या दिवसापासून माझा झाला. तमिळ मला तुम्हीच शिकवलीत, आणि बाटली कशी विसळायची, लेबल बाटलीवर आधी लावायचं की नंतर, रजिस्टरमध्ये खाडाखोड झाली तर ती कशी छेदून बाजूला सही करायची, हेही. "आकडा चुकला तर चालेल," म्हणायचात, "लपवला तर नोको." मी ते डोक्यात ठेवलं होतं, असं मला वाटायचं.

त्या शाळेत आपण दोघी गेलो होतो. नेहमीच्या फेरीतली विहीर आटली होती, म्हणून जवळच्या शाळेच्या हातपंपाचा नमुना घेऊ असं तुम्ही म्हणालात. बसमधून उतरून अर्धा तास चालत. कमला टीचर दारात उभ्या होत्या, मुख्याध्यापिका. शाळा दोन खोल्यांची. पंपाचं पाणी बाटलीत घेतलं आणि तुम्ही ते उन्हाकडे धरलंत. अगदी फिकट पिवळं. चहा गाळल्यावर भांडं विसळलं की पाणी दिसतं ना, तसं. टीचर म्हणाल्या, "अम्मा, मागच्या उन्हाळ्यापासून असंच येतं. मुलं म्हणतात चव वेगळी लागते. पण दुसरं पाणी कुठे आहे?" शाळेच्या मागच्या बाजूला, शेतापलीकडे, मुलामा चढवण्याचं काम करणाऱ्या कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड होत्या. तुम्ही तिकडे बघितलंत आणि बाटलीचं बूच घट्ट लावलंत.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तुम्ही नळीतल्या पाण्यात रीएजंटचे थेंब सोडले आणि पाणी जांभळं झालं. इतकं गडद, की मला ते क्षणभर सुंदर वाटलं. तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही खुर्ची ओढून बसला होतात. "क्रोमियम," म्हणालात. "त्यातलं वाईट असतं ते." मग उठून पुन्हा तपासलंत. तिसऱ्यांदा मला करायला लावलंत, तुमच्या हाताची चूक नको म्हणून. तीनदा जांभळंच झालं.

अहवाल त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर गेला. तिथून वर गेला, म्हणजे कुठे ते आपल्याला कुणी सांगितलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तुम्ही रोज सकाळी आधी आवक-जावकच्या बाईंकडे जायचात, मग स्वतःच्या टेबलाकडे. "मुलं आजही पाणी पीत असतील," असं जेवताना म्हणायचात आणि घास हातात राहायचा. शेवटी एके दिवशी मला म्हणालात, "रजिस्टर घे आणि मजबरोबर चल." आपण साहेबांच्या खोलीत गेलो. तिथे जे बोलणं झालं ते तुम्हाला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं आणि मला. चौथं कुणी नव्हतं. साहेबांनी तोंडी परवानगी दिली. लिहून देत नाही म्हणाले, पण दिली.

त्याच दुपारी तुम्ही शाळेत गेलात. मी आले नाही, माझ्या मुलीला ताप होता. कमला टीचरना सांगितल्यावर त्या रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, "अम्मा, नुसतं तोंडी सांगून पंचायतवाले पंप बंद करणार नाहीत. काहीतरी लिहून द्या." तुम्ही वहीचा कागद घेतलात आणि तमिळमध्ये चार ओळी लिहिल्यात. या पंपाचं पाणी पिऊ नये, त्यात अन्न शिजवू नये, तपासणीत घातक द्रव्य सापडलं आहे. खाली सही. सहीखाली पद. पद लिहिलं नसतंत तर, असं मी नंतर किती वेळा म्हटलं तुम्हाला! तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "पद नाही लिहिलें तर ते कागद कोण मानणार ग?"

पंप त्याच आठवड्यात बंद झाला. टँकर यायला लागला. आणि तो कागद तिथल्या कुणीतरी वर्तमानपत्राला दिला.

पुढचं सगळं इतक्या भराभर झालं, की मला ते एकाच दिवसात झाल्यासारखं वाटतं. दिल्लीहून विचारणा आली. साहेब म्हणाले, मी परवानगी दिलीच नव्हती. तुमच्या हातात आरोपपत्र पडलं: शासकीय माहिती अनधिकृतपणे बाहेरच्या व्यक्तीला दिली, आचरणाच्या नियमांचा भंग केला. तुम्ही ते जेवणाच्या वेळी माझ्यासमोर ठेवलंत. "वाच," म्हणालात. मी वाचलं. तुम्ही विचारलंत, "सुनंदा, हें पाणी पिऊं नोको, एवढें बाईमाणसाला सांगणें मणजे माहिती फोडणें की?" मी म्हटलं, "तसा नियम आहे, अक्का." तुम्ही आरोपपत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलंत आणि मिरची माझ्या डब्याच्या झाकणात वाढलीत.

मला साक्षीला बोलावणार हे आपल्या दोघींनाही ठाऊक होतं. त्या महिनाभरात तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, की खरं ते सांग. एकदाही नाही. म्हणाला असतात, तर कदाचित मी सांगितलं असतं. आता बघा, अजून दोष तुमच्यावरच टाकते आहे.

साहेबांनी मला एकटीला बोलावलं होतं. दरडावलं नाही. उलट कॉफी मागवली. माझी नोकरीत कायम होण्याची फाइल त्यांच्याकडे आहे, हे सांगितलं. यांच्या बदलीचं विचारलं. मुलीची शाळा कुठली, ते विचारलं. मग इंग्रजीत म्हणाले, "माणसाला सगळंच आठवतं असं नाही. त्यात काही गैर नाही." टंबलरमधली कॉफी मी सगळी प्यायले, हे मला आजही खुपतं. निदान ती तरी तशीच ठेवायची.

चौकशीच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. तुम्ही माझ्यासमोर बसला होतात, हातात फक्त चष्म्याचं घर. बाहेरून आलेले चौकशी अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, त्या दिवशी तुम्ही खोलीत होता का? मी म्हटलं, होते. मग तिथे काय बोलणं झालं?

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. टंकलेखकाने ते दोनदा टाइप केलं. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, खिडकीबाहेर बघत होतात. मी उठून निघाले तेव्हा माझा पदर खुर्चीच्या खिळ्यात अडकला, आणि तो सोडवायला तुम्ही वाकलात. "हळू," म्हणालात. "फाटेल."

अक्का, तेवढ्यासाठी तरी मला शिव्या द्यायच्या होत्यात.

शिक्षा झाली. बढती रोखली आणि बदली झाली, थेट उत्तरेला, जिथे तुमची भाषा बोलणारं कुणी नव्हतं, ना तुमची ही मराठी, ना तमिळ. तुमचे यजमान रघुनाथराव बँकेतली नोकरी सोडून येऊ शकत नव्हते. सेंट्रल स्टेशनवर गाडी सुटताना ते तुम्हाला औषधांच्या वेळा पुन्हा पुन्हा सांगत होते. मी खांबाआड उभी होते. तुम्ही पाहिलंत, हाक मारलीत आणि म्हणालात, "तीन नंबरचा वजनकाटा ढळतो. रोज शून्य करून घे." गाडी गेली. मी दुसऱ्या दिवशी वजनकाटा शून्यावर आणला. रोज आणते.

तीन वर्षं तुम्ही तिथे एकट्या राहिलात. पत्रांत तक्रार नसायची. थंडीबद्दल असायचं, तिकडच्या तांदळाबद्दल असायचं. रक्तदाब वाढला हे मला रघुनाथरावांकडून कळलं. मी कायम झाले होते. मला बढतीही मिळाली होती. पत्रात तेही लिहिलं. तुमचं उत्तर आलं: "फार आनंद जाहला." जाहला. तुमचा तो जुना शब्द वाचून मी प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यात बसून रडले.

माहितीच्या अधिकाराचा कायदा आला आणि तुम्ही पहिला अर्ज केलात तो तुमच्याच चौकशीच्या फाइलीसाठी. निवृत्त होऊन चेन्नईला अण्णा नगरच्या घरी परत आलात, तेव्हा ती फाइल तुमच्या जेवणाच्या टेबलावर होती, नाडीने बांधलेली. मी पहिल्यांदा भेटायला आले त्या दिवशी मला ती दिसली. माझी साक्ष तिच्यात होती. कितव्या पानावर, हेही तुम्हाला पाठ असणार. तुम्ही फाइल उचलून सोफ्यावर ठेवलीत आणि टेबलावर ताटं मांडलीत.

त्यानंतरचे आपले रविवार आणि ते न संपलेलं भांडण! तुम्ही प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागितली होती, पण स्वतःच्या प्रकरणात तुम्हाला फारसा रस उरला नव्हता. तुमच्या डोक्यात कायदा होता. शाळेच्या वहीत तुम्ही त्याचा मसुदा लिहून ठेवला होतात. पाणी, हवा, औषधं, रोगराई अशा विषयांवर काम करणाऱ्या सरकारी माणसाने लोकांच्या जिवाशी संबंधित खरं सांगितलं, तर त्याच्यावर कारवाई करता येणार नाही. त्याची बदली करायची झाली, तर आधी बाहेरच्या कुणापुढे कारण सांगावं लागेल. आणि वरिष्ठाने तोंडी काही सांगितलं, तर ते कर्मचाऱ्याने त्याच दिवशी नोंदवून ठेवायचं आणि ती नोंद पुरावा मानायची. हे शेवटचं कलम वाचताना मी पाणी प्यायला उठले होते, आठवतं?

मी वाद घालायचे. "अक्का, कायद्याने काय होतं? साहेब दुसरा नियम काढतील. उशिरा आलात म्हणतील, कपाटाची किल्ली हरवली म्हणतील. ज्याला त्रास द्यायचा त्याला वाट सापडते."

"म्हणून वाट उघडीच ठेवायची की?"

"आणि तुम्हाला कुठे हवा होता कायदा? कायदा नसतानाही तुम्ही लिहून दिलंतच ना!"

तेव्हा तुम्ही चष्मा काढलात. रघुनाथराव पेपर वाचत होते, त्यांनीही तो खाली घेतला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मजसाठी नाहीच ग तो. मी हट्टी बाई. कायदा असो नसो, मी लिहिणारच होतें. जे भितात त्यांच्यासाठी पाहिजे कायदा. भिणारा माणूस वाईट नसतो, सुनंदा. त्याच्यामागें कोणी उभें नसतें, एवढेंच."

मी काय केलं? "कॉफी करू का?" म्हटलं आणि आत गेले. दूध उतू गेलं. मी ओटा पुसत राहिले, पुसत राहिले, बाहेर यायची हिंमत होईपर्यंत. बाहेर आले तेव्हा तुम्ही विषय बदलला होतात. तुम्ही दार उघडून धरलं होतंत, अक्का. मी नुसतं आत यायचं होतं. "अक्का, मला आठवत होतं," एवढं चार शब्दांचं वाक्य होतं ते. पुढच्या रविवारी सांगू, म्हटलं. त्याच्या पुढच्या. मार्गळी महिन्यात तुमच्या दारापुढच्या रांगोळ्या रोज मोठ्या होत गेल्या, पोंगल झाला, ऊन तापायला लागलं, आणि एका सकाळी रघुनाथरावांचा फोन आला. आंघोळीहून आलीस, देवापुढे दिवा लावलास... बघा, त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगायला लागले. ते तुमच्याशीच बोलत होते, फोनवर मी होते तरी. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला कमला टीचर आल्या होत्या. केस पूर्ण पांढरे झालेत. शाळेला आता नळाचं पाणी आहे, म्हणाल्या. तुमच्या फोटोपुढे बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या, मग माझ्याजवळ येऊन बसल्या. माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्याबरोबर आला होतात ना? बाटल्या तुमच्या हातात होत्या." मी हो म्हटलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "तुम्ही दोघींनी माझी मुलं वाचवलीत."

दोघींनी. त्यांना काय माहीत? मी हात सोडवून घेतले नाहीत. तेवढंही मला जमलं नाही. पण त्या गेल्यावर मी रघुनाथरावांसमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "मामा, अक्कांची केस बंद करू नका."

ते म्हणाले, "आतां कशाला? ती गेली."

"मला साक्ष द्यायची आहे."

ते तुमच्यासारखेच खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "ती म्हणत होती, एक दिवस सुनंदा येईल. मी म्हणत होतों, नाही येणार." आणि मग, अगदी हलक्या आवाजात, "थोडी लवकर यायची होतीस ग."

एवढा एकच बोल मला या सगळ्यात कुणी लावला. मी तो उराशी धरून आहे.

काल वकिलांकडे जाऊन आले. त्यांनी स्पष्ट सांगितलं. वारसांना खटला पुढे चालवता येईल, पण माझ्या प्रतिज्ञापत्राने निकाल बदलेलच असं नाही, फार उशीर झाला आहे. आणि पूर्वी चौकशीत मी खोटं बोलले होते, हेही मलाच त्यात लिहावं लागेल. "तुम्ही अजून नोकरीत आहात. तुमच्यावर कारवाई होऊ शकते. तुम्हाला वाचवणारा कायदा नाही," असं म्हणाले. मी म्हटलं, "माहीत आहे. त्याचा मसुदा मी वाचलाय." यांना घरी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "सही कर." मुलगी म्हणाली, "अम्मा, यू शुड हॅव," आणि पुढचं तिने गिळलं.

भीती वाटते, अक्का. सही केली तरी वाटते. तुमच्यासारखी मी झाले नाही आणि होणारही नाही. पण चौकशी अधिकाऱ्यांनी मला जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर न्यायाधिकरणाच्या आधी तुम्हाला ऐकवायचं आहे. तुम्ही ऐकत असाल असं मला वाटत नाही, आपण दोघी तसं मानणाऱ्या नाही. तरी सांगते.

जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ होता. साहेब खुर्चीत होते. त्यांनी बसा म्हटलं नाही, म्हणून तुम्ही उभ्या होतात. मी तुमच्या डाव्या हाताला, रजिस्टर छातीशी धरून. तुम्ही म्हणालात, सर, ती लहान मुलं आहेत. साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, वरून उत्तर येईपर्यंत मी लेखी काही देणार नाही, पण शाळेला सांगून टाका. तुम्ही विचारलंत, सांगू ना मग, सर? ते म्हणाले, सांगा, सांगा. तुमचा खांदा सैल झालेला मला दिसला. तुम्ही माझ्याकडे वळून हसलात.

मी तिथे होते. मी हे माझ्या कानांनी ऐकलं. मला सगळं आठवतं.